भारतरत्न : सनद सरकारची, पदवी लोकांची

दरवर्षी २५ जानेवारीची संध्याकाळ झाली की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय असतो. पद्म पुरस्कारांची यादी येते. आपल्या जिल्ह्यातलं कोण आहे ते आधी शोधलं जातं, मग अभिनंदनाचे फोटो फिरतात आणि तासाभरात भांडण सुरू होतं. "याला कसं काय दिलं?" "त्याला अजून का नाही?" "हे सगळं सेटिंग असतं." भारतरत्नाची घोषणा झाली तर विचारूच नका.

भांडायला हरकत नाही. पण हे भांडण आजचं नाही. सरकारनं माणसाला मोठेपणा द्यावा की नाही, यावर आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. त्यात संविधान आलं, संसद आली, सुप्रीम कोर्ट आलं, आणि एकदा तर हे पुरस्कार बंदही झाले. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

सुरुवात इंग्रजांपासून करू. १८५७ नंतर इंग्रजांना कळून चुकलं होतं की नुसत्या बंदुकीवर हा देश चालणार नाही. इथल्या वजनदार माणसांना आपल्या बाजूला बांधून ठेवायला हवं. १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' आला, १८७८ मध्ये 'इंडियन एम्पायर'ची मानचिन्हं आली, १९०० मध्ये 'कैसर-ए-हिंद' पदक आलं. त्याखाली रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर अशी उतरंड होतीच. जुन्या वाड्यांच्या दारावर, देवळाच्या देणगीच्या पाटीवर आजही 'रा. ब.' दिसतं ना, ते हेच. या पदव्या मिळालेले सगळेच काही सरकारचे हुजरे नव्हते. त्यांत विद्वान होते, शाळा काढणारे होते, धर्मशाळा बांधणारे होते. पण पदवी देणारा हात परक्या राजाचा होता.

म्हणूनच ती नाकारणं किंवा परत करणं हीसुद्धा राजकीय कृती ठरायची. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९१४ मध्ये 'सर' ही पदवी देऊ केली, त्यांनी घेतली नाही. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी 'सर' सोडली. गांधीजींना १९१५ मध्ये कैसर-ए-हिंद मिळालं होतं, असहकाराच्या वेळी १९२० मध्ये त्यांनी ते परत पाठवलं.

याच काळात आपल्याकडे दुसरीही एक पद्धत चालू होती. ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवी कोळीवाड्यात सभा भरली आणि जोतीराव फुल्यांना लोकांनी 'महात्मा' म्हटलं. ना गॅझेट, ना सनद, ना पदक. मजा बघा, त्या सत्कारात पुढाकार घेणारे विठ्ठलराव वंडेकर स्वतः सरकारी 'रावबहादूर' होते! त्यांची पदवी आज किती जणांना आठवते? आणि जोतीरावांची? टिळकांना 'लोकमान्य' कुठल्या सरकारनं केलं नाही. भाऊराव पाटलांना 'कर्मवीर' लोकांनी म्हटलं. सरकारनं त्यांना १९५९ मध्ये पद्मभूषण दिलं, पण रयतच्या कुठल्याही शाळेत जाऊन विचारा, मुलं काय म्हणतात. कर्मवीर अण्णाच म्हणतात.

तर, हा सगळा अनुभव गाठीशी असल्यामुळे संविधान लिहिताना पदव्यांवर स्वतंत्र कलमच घातलं गेलं. कलम १८. लष्करी आणि शैक्षणिक मानाव्यतिरिक्त राज्यसंस्था कुणालाही पदवी देणार नाही. म्हणजे मेजर चालेल, पीएच.डी.वाला डॉक्टर चालेल, पण सर, रावबहादूर, राजेसाहेब बंद. प्रजासत्ताकात माणूस नावानं ओळखला जावा, नावामागच्या शेपटानं नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता.

संविधान लागू होऊन चार वर्षं होतात न होतात, तोच २ जानेवारी १९५४ ला सरकारनं दोन नवे सन्मान जाहीर केले. एक भारतरत्न. दुसरा पद्मविभूषण, आणि त्याचे तीन वर्ग : पहिला, दुसरा, तिसरा. समतेच्या देशात 'तिसऱ्या वर्गाचा' सन्मान हे कानाला कसंतरीच वाटत असणार. पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १९५५ ला, नावं बदलली. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री. आज आपण हीच नावं वापरतो.

पहिली तीन भारतरत्नं १९५४ मध्ये सी. राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन आणि सी. व्ही. रामन यांना मिळाली. एक राजकारणी, एक तत्त्वज्ञ, एक शास्त्रज्ञ. तेव्हाचा नियम होता कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा. खेळ त्यात नव्हता. २०११ च्या डिसेंबरमध्ये नियम बदलून 'मानवी प्रयत्नांचं कोणतंही क्षेत्र' असं केलं, तेव्हा कुठे खेळाडूला दार उघडलं. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिन शेवटची कसोटी संपवून भरल्या डोळ्यांनी बाहेर पडला आणि त्याच दिवशी त्याचं नाव जाहीर झालं. त्याच दिवशी शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांचंही झालं, पण त्यांची आठवण किती जणांना आहे?

भारतरत्न म्हणजे हातात नेमकं काय मिळतं? पिंपळाच्या पानाच्या आकाराचं एक पदक आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद. पैसे नाहीत, पेन्शन नाही. राजशिष्टाचाराच्या यादीत सातव्या 'अ' क्रमांकाचं स्थान मिळतं.

आणि हे पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाहीत. लग्नपत्रिकेवर, लेटरहेडवर, व्हिजिटिंग कार्डावर, कुठेही नाही. चौकातल्या फ्लेक्सवर 'पद्मश्री अमुक अमुक यांचे सहर्ष स्वागत' असं छापतो ना आपण? ते नियमात बसत नाही. 'पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' असं लिहा, ते चालतं. फरक शब्दाचा वाटतो, पण कलम १८ सगळं त्या फरकावरच उभं आहे. पदवी नावाला चिकटते. पुरस्कार ही आयुष्यात घडलेली एक गोष्ट असते.

आता आपल्याकडच्या माणसांबद्दल. महाराष्ट्रातलं पहिलं भारतरत्न म्हणजे धोंडो केशव कर्वे, १९५८, म्हणजे त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी. ज्या माणसानं १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलं, त्याला पासष्ट वर्षांनी देशानं सर्वोच्च सन्मान दिला. मधल्या काळात त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, हिंगण्याच्या माळावर संस्था उभी केली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. पैसे मागत दारोदार फिरले. सन्मान मिळाला तेव्हा काम कधीच उभं राहिलं होतं.

दुसरे पांडुरंग वामन काणे, १९६३. वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. बत्तीस वर्षं एकच काम! आज असा माणूस ट्रेंडिंगला आला असता का, विचार करा.

कोकणातल्यांसाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे कर्व्यांचं मुरूड दापोली तालुक्यातलं, काण्यांची शाळा दापोलीची, आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यातलं. एवढ्याशा पट्ट्याशी तीन भारतरत्नांचं नातं आहे.

पुढे विनोबा (१९८३, मरणोत्तर), बाबासाहेब (१९९०, मरणोत्तर), जेआरडी टाटा (१९९२), लतादीदी (२००१), पंडित भीमसेन जोशी (२००९), सचिन (२०१४), नानाजी देशमुख (२०१९, मरणोत्तर). बाबासाहेबांच्या नावापाशी जरा थांबा. महापरिनिर्वाण १९५६ चं. भारतरत्न १९९० चं. मध्ये चौतीस वर्षं गेली. ती सनद माईसाहेबांनी स्वीकारली. ज्या माणसाच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा झाला, त्याच्यासाठी प्रजासत्ताकाला चौतीस वर्षं लागली. सरदार पटेलांना तर एकेचाळीस लागली, १९९१ मध्ये मिळालं. उशीर हा या पुरस्काराचा जुनाच आजार आहे.

या पुरस्कारांना विरोध करणारे कोण होते? आचार्य कृपलानी. १९६९ मध्ये त्यांनी लोकसभेत खाजगी विधेयक आणलं की हे सगळे सन्मान रद्द करा. त्यांचं म्हणणं असं, की कलम १८ नं पुढच्या दारानं घालवलेल्या पदव्या तुम्ही मागच्या दारानं आत घेताय. विधेयक मंजूर झालं नाही. पण वाद काही संपला नाही.

१९७७ ला आणीबाणीनंतर जनता पक्षाचं सरकार आलं. मोरारजी देसाई पंतप्रधान. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या सरकारनं भारतरत्न आणि पद्म, सगळंच बंद केलं. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी पुरस्कारही परत आले. त्या वर्षी भारतरत्न मदर तेरेसांना मिळालं. आणि पुढे १९९१ मध्ये भारतरत्न कुणाला मिळालं? मोरारजी देसाईंना! ज्यांच्या सरकारनं तो बंद केला, त्यांनीच तो घेतला. यावर हसायचं की काय करायचं, तुम्हीच ठरवा.

मग गोष्ट कोर्टात गेली. १९९२ मध्ये केरळ आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत याचिका झाल्या की हे पुरस्कार म्हणजे पदव्याच आहेत, घटनाबाह्य आहेत. त्यामुळे मधली काही वर्षं पद्म पुरस्कार दिलेच गेले नाहीत. १५ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी बालाजी राघवन खटल्यात निकाल दिला. हे पुरस्कार कलम १८ मधल्या 'पदव्या' नाहीत, चांगल्या कामाची दखल घेणं समतेच्या विरोधात नाही, पण नावाला ते जोडायचे नाहीत. आणि निवड काटेकोर असली पाहिजे, असंही कोर्टानं बजावलं. १९९८ पासून यादी पुन्हा सुरू झाली.

त्याच सुमारास सुभाषबाबूंचं प्रकरण झालं. २३ जानेवारी १९९२ ला, त्यांच्या जयंतीला, सरकारनं त्यांना 'मरणोत्तर' भारतरत्न जाहीर केलं. 'मरणोत्तर' या एका शब्दावर वादळ उठलं, कारण नेताजींचा मृत्यू विमान अपघातात झाला हेच अनेकांना मान्य नव्हतं. शेवटी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टात ती घोषणा रद्द समजावी असं ठरलं. एवढा मोठा सन्मान, आणि तो द्यायच्या एका शब्दानं अडला.

आता मुख्य प्रश्न. हे ठरवतं कोण?

पद्म पुरस्कारांसाठी दरवर्षी पंतप्रधान समिती नेमतात. अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात, सोबत गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि काही मान्यवर. शिफारशी येतात, चाळणी होते, एका वर्षात साधारण १२० ची मर्यादा असते. त्यात मरणोत्तर आणि परदेशस्थ धरत नाहीत. म्हणजे काहीतरी पद्धत आहे.

भारतरत्नाला यातलं काहीच नाही. पंतप्रधान राष्ट्रपतींना शिफारस करतात. बस्स. समिती नाही, अर्ज नाही, कारण लिहून द्यायचं बंधन नाही. एका वर्षी जास्तीत जास्त तीन असा संकेत, तोही १९९९ मध्ये मोडला, तेव्हा चार दिले. २०२४ मध्ये तर पाच.

म्हणजे सर्वात खालच्या पुरस्काराला चाळणी, आणि सर्वात वरच्याला नाही. हे उलटं नाही वाटत?

याचा परिणाम आकड्यात दिसतो. २०२४ पर्यंत एकूण ५३ जणांना भारतरत्न मिळालं. काळजीवाहू पंतप्रधान राहिलेले गुलझारीलाल नंदा धरले, तर त्यातले ९ पंतप्रधान आणि ६ राष्ट्रपती. म्हणजे चारातला एकाहून जास्त माणूस देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेला. नेहरूंना १९५५ मध्ये आणि इंदिराजींना १९७१ मध्ये पदावर असतानाच मिळालं. याउलट मौलाना आझादांनी हयातीत नकार दिला, निवड करणाऱ्यांतल्यांनी स्वतः घेऊ नये या भूमिकेतून. त्यांना शेवटी १९९२ मध्ये मरणोत्तर दिलं. ५३ पैकी १८ मरणोत्तर आहेत. कवी किंवा कादंबरीकार हीच मुख्य ओळख असलेला त्यात एकही नाही.

निवडणुकीचा वास येतो ही तक्रारही जुनीच. १९८८ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांना मरणोत्तर दिलं तेव्हा तमिळनाडूच्या निवडणुकीवर डोळा आहे अशी टीका झाली, सरकार काँग्रेसचं होतं. २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर कर्पूरी ठाकूर आणि चौधरी चरणसिंग यांची नावं आली तेव्हाही तेच बोललं गेलं, सरकार भाजपचं होतं. त्या माणसांची योग्यता हा वेगळा प्रश्न आहे, कर्पूरी ठाकुरांचं काम कुणी नाकारणार नाही. पण पद्धतच अशी असेल की एकानंच ठरवायचं, तर संशय येणारच. तो संशय सन्मान मिळालेल्या माणसालाही चिकटतो, आणि त्याचा त्यात काही दोष नसतो.

पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो वेगळाच आकडा. ५३ पैकी बायका किती? पाच. इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी, लता मंगेशकर. शेवटचं वर्ष २००१. त्यानंतर २०२४ पर्यंत तेरा भारतरत्नं दिली गेली, त्यात एकही बाई नाही. कर्व्यांना ज्या कामासाठी भारतरत्न दिलं ते बायकांच्या शिक्षणाचं. त्या शिक्षणातून घडलेल्या बायका डॉक्टर झाल्या, शास्त्रज्ञ झाल्या, लेखिका झाल्या, चळवळी उभ्या केल्या. यादीत मात्र त्या दिसत नाहीत. दोष गुणवत्तेचा नाही हो, बघणाऱ्याच्या नजरेचा आहे.

इथेच फुले दांपत्याचा विषय येतो. मार्च २०२५ मध्ये आपल्या विधानसभेनं ठराव केला की महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावं. यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही विचार करण्यासारखी आहेत.

एक मत असं की इतक्या जुन्या माणसांना हे देऊ नये. फुले, शाहू महाराज, टिळक, गांधी हे पुरस्काराच्या पलीकडचे. गांधीजींना भारतरत्न नाही, त्यानं त्यांचं काय अडलं? आणि एकदा मागे जायला लागलो तर थांबायचं कुठे? तुकोबांना देणार का?

दुसरं मत असं की दार आधीच उघडलंय. मदनमोहन मालवीय १९४६ मध्ये गेले, म्हणजे प्रजासत्ताक सोडा, स्वातंत्र्याच्याही आधी. त्यांना २०१५ मध्ये मिळालं. मग सावित्रीबाईंच्या वेळीच 'फार जुनं झालं' ही अडचण का आठवते? १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवणारी, अंगावर शेण झेललेली, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना गेलेली बाई. तिचं नाव त्या यादीत आलं, तर यादीचाच मान वाढेल.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण एक अट घालून. जोतीराव 'महात्मा' आहेत ते १८८८ पासून, लोकांनी केलेले. सरकारी सनद आली नाही म्हणून त्यात गुंजभर कमी होत नाही. आणि आली तर ती शाळांची पटसंख्या, मुलींची गळती, वसतिगृहांची अवस्था यांवर पांघरूण घालायला वापरली जाऊ नये. पुतळ्याला हार घालणं सोपं असतं.

शेवटी आपल्या हातात काय आहे ते सांगतो. भारतरत्नासाठी आपण काही करू शकत नाही, ते खरं. पण पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो. केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज असतो, स्वतःचं नावसुद्धा टाकता येतं. माणसाचं काम काय, किती वर्षांचं, त्यातून काय बदललं, हे नीट लिहावं लागतं. आमदार-खासदाराची चिठ्ठी लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, देशी बियाणं जपणाऱ्या, हिवरे बाजारचे पोपटराव पवार, ही माणसं २०२० च्या यादीत पद्मश्री म्हणून आली. तोवर त्यांच्यासारख्यांचं नाव दिल्लीपर्यंत पोहोचतं यावर कुणाचा विश्वास नव्हता.

तुमच्या तालुक्यात असं कुणीतरी नक्की आहे. वीस वर्षं आदिवासी पाड्यावर सुईणीचं काम करणारी बाई असेल, बोलीभाषेतली गाणी वहीत उतरवून ठेवणारे गुरुजी असतील, ओढा जिवंत करणारा शेतकरी असेल. नावं तुम्हाला माहीत आहेत, मला नाहीत. यादी आल्यावर "याला कसं दिलं" म्हणून तासभर भांडण्यापेक्षा त्यातला अर्धा तास अर्ज भरायला दिला तर बरं. आणि सुचवताना निम्मी नावं बायकांची असू द्या.

खाली कमेंटमध्ये लिहा, तुम्ही कुणाचं नाव सुचवाल आणि का. कारणासकट लिहा. नुसतं नाव नको.